मायनस एकचा उंबरठा

माझ्या नवऱ्याने, सुधाकरने, सगळी नोकरी तारापूरच्या वीज केंद्रात काढली. मी पालघरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं आणि उरलेल्या वेळात विश्वाच्या प्रसरणावर संशोधन केलं. घरी पाहुणे आले की तो ओळख करून द्यायचा, "आम्ही दोघंही ऊर्जेतच आहोत. फक्त माझ्या ऊर्जेवर पंखा फिरतो." पाहुणे हसायचे, मीही हसायचे आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवताना चडफडायचे.

या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "आता निवांत आहात, तर नोकरीतले अनुभव लिहा." निवांत! बोईसरच्या आमच्या फ्लॅटची गॅलरी मी येरझाऱ्या घालून घालून झिजवत आणली आहे. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, भजनाला जातात. मी सकाळी उठते आणि दात घासायच्या आधी संशोधनाचे नवे पेपर कोणते आले ते बघते. ज्या प्रश्नामागे सगळं वय गेलं, तो माझ्या निवृत्तीनंतर पेटला. मी वर्गात असताना पेटला असता तर त्याचं काय बिघडलं असतं?

आधी धंदा समजावून सांगते. विश्व पसरतं आहे, हे बरंच आधीपासून माहीत होतं. सगळ्यांची समजूत अशी होती की गुरुत्वाकर्षण ओढून धरतं, म्हणून पसरण्याचा वेग हळूहळू कमी होत असणार. गेल्या शतकाच्या अखेरीला मोजलं तर उलटंच निघालं, वेग वाढतोय. काहीतरी ढकलतंय. काय ते कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याला डार्क एनर्जी असं नाव देऊन टाकलं. मराठीत कृष्ण ऊर्जा. नाव दिल्यामुळे कळलं असं होत नाही, पण पेपरला मथळा मिळतो.

आता या ऊर्जेबद्दल दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, ती स्थिर आहे. काल होती तितकीच आज, आज आहे तितकीच विश्वाच्या अंतापर्यंत. हा पक्ष मोठा, त्याचं गणित सोपं आणि वर्षानुवर्षं प्रत्येक मोजणीत तोच पास होत आला. दुसरा पक्ष म्हणतो, ती काळाबरोबर बदलते. या पक्षात पूर्वी फार थोडी माणसं होती आणि त्यांतली एक पालघरच्या कॉलेजात प्रॅक्टिकलच्या जर्नलांवर सह्या करत बसलेली असायची.

एकदा बोईसरजवळच्या पाम गावच्या गणेशोत्सव मंडळाने माझं भाषण ठेवलं होतं. आरती आणि संगीत खुर्ची यांच्या मधल्या वेळात. मी फुग्यावर ठिपके काढून फुगवून दाखवले, पोरांनी फुग्यासाठी मारामारी केली. मग मागून टेम्पो चालवणारे गजाभाऊ उठले.

"बाई, सगळं पसरतंय म्हनता. मंग पाम ते बोईसर आंतर का नाय वाढत? माजा टेम्पो रोज त्याच रस्त्यानं जातो."

सगळे हसले. प्रश्न काही हसण्यासारखा नव्हता, माझ्या एमएस्सीच्या पोरांनाही तो पडतो. मी सांगितलं, की जिथे गुरुत्वाकर्षणाने किंवा अणूंच्या ओढीने वस्तू एकमेकींना घट्ट धरून आहेत, तिथे हे पसरणं चालत नाही. पृथ्वी फुगत नाही, सूर्यमाला फुगत नाही, आपली आकाशगंगाही नाही. फार फार लांबच्या दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह, त्याच एकमेकींपासून दूर जातात.

"बरं," गजाभाऊ म्हणाले. "मंग ती ढकलनारी ऊर्जा पुढं वाढनार का कमी होनार?"

"तेच तर मी शोधते आहे."

"सापडलं की सांगा," म्हणाले आणि खाली बसले. त्यानंतर बाजारात, नाक्यावर, जिथे दिसतील तिथे टेम्पोतून मान बाहेर काढून ओरडतात, "बाई, सापडलं का?" कॉलेजच्या कोणत्याही प्राचार्यांनी माझ्या संशोधनाची इतकी नियमित चौकशी केलेली नाही.

तर माझं गणित. थोडा धीर धरा, एकच आकडा सांगते. कृष्ण ऊर्जेचा स्वभाव आम्ही एका आकड्यात मोजतो. ती ऊर्जा स्थिर असेल, तर तो आकडा बरोबर मायनस एक येतो. आकडा मायनस एकच्या थोडा वर असेल, तर काळ जाईल तशी ऊर्जा विरळ होत जाते. तो मायनस एकच्या खाली असेल, तर ऊर्जा दाट होत जाते, आणि ती बाजू इतकी विचित्र आहे की आमच्यात तिला भुताची बाजू म्हणतात. मायनस एक हा आमच्या घराचा उंबरठा समजा, वरची बाजू घराची, खालची भुताची. माझ्या गणितातली ऊर्जा सुरुवातीला अगदी उंबरठ्यावर बसलेली असते आणि मग विश्वाचं वय वाढेल तशी हळूहळू घरात येते. ती बदलते, पण भुताच्या बाजूला तिचा पाय कधीच पडत नाही. कृष्ण ऊर्जा एकटीच धरलेल्या अशा साध्या गणितात तो पडूच शकत नाही.

हे गणित मी पंचवीसएक वर्षं वाढवलं, छाटलं, रंगवलं. त्यावर पेपर लिहिले. परदेशातले परीक्षक लिहायचे, 'गणित बरोबर आहे, पण गरज काय? स्थिर ऊर्जेने सगळं जुळतं आहे.' मी उत्तरं पाठवायचे, भांडायचे. काही पेपर छापून आले, काही नाही आले. माझा स्वभाव मुळात उतावळा, आणि धंदा असा निवडला की उत्तर यायला पिढी लागावी. पण गणित देखणं होतं, हे आजही म्हणेन. दोन ओळींत मावायचं.

आता प्रणिता. हे तिचं खरं नाव नाही, आणि का नाही ते पुढे कळेल. घर माकुणसारचं, वडिलांची केळीची आणि भाजीची वाडी. एमएस्सीला माझ्याकडे आली तेव्हा वर्गात तोंड उघडायची नाही, पण फळ्यावर चूक झाली की तिची भुवई उडायची. मी तिच्या भुवईकडे बघून फळा दुरुस्त करायचे. तिच्या प्रकल्पासाठी आम्ही दोघींनी मिळून एक वेगळंच गणित केलं होतं. कृष्ण ऊर्जा एकटी नसून कृष्ण पदार्थाशी, म्हणजे दीर्घिकांना धरून ठेवणाऱ्या न दिसणाऱ्या पदार्थाशी, तिची देवाणघेवाण चालू असेल तर? थोडी ऊर्जा इकडून तिकडे सरकते. ही देवाणघेवाण ज्याला माहीत नाही तो बाहेरून मोजायला गेला, तर त्याला वाटेल, अरे, ही तर भुताच्या बाजूने उंबरठा ओलांडून आली! प्रत्यक्षात कोणी काही ओलांडलेलं नसतं.

गणित चालत होतं. मलाच ते आवडलं नाही. एक जास्तीचा आकडा घालावा लागत होता आणि तो कुठून आणायचा याला काही आधार नव्हता. मी म्हटलं, "प्रणिता, हे ओबडधोबड आहे. टाकून देऊ."

"मॅडम, पन चुकलेलं नाय ना?"

"चुकलेलं नाही, पण टाकून देऊ."

तिने ऐकलं. पुढे ती पीएचडीला बाहेर गेली, तिथून परदेशात, आणि आता एका मोठ्या संघात आहे. वाळवंटातल्या एका डोंगरावरच्या दुर्बिणीतून हे लोक लक्षावधी दीर्घिकांचा नकाशा करतात. दीर्घिकांच्या मांडणीत निसर्गाने स्वतःच एक मोजपट्टी ठेवली आहे. ती पट्टी निरनिराळ्या काळात किती मोठी दिसते ते बघितलं की विश्व केव्हा किती वेगाने पसरलं ते कळतं. आणि त्यावरून कृष्ण ऊर्जा बदलली की नाही, तेही.

त्यांच्या पहिल्या मोजणीत जरा कुणकुण लागली. ऊर्जा बदलत असावी. कुणकुणच, पुरावा नव्हे. सगळे म्हणाले, दुसरी मोजणी येऊ द्या. माझी गॅलरीतली चाल तेव्हापासून सुरू झाली.

या लोकांची एक पद्धत आहे, ती सांगायला हवी. विद्यापीठ उत्तरपत्रिकेवरच्या आसन क्रमांकावर स्टिकर लावतं, तपासणाऱ्याला पेपर कोणाचा ते कळू नये म्हणून. हे लोक स्वतःच्याच मोजणीवर तसं स्टिकर लावतात. आकडे मुद्दाम हलवून ठेवतात, आणि तपासण्याची सगळी रीत पक्की ठरेपर्यंत खरं उत्तर कोणी बघत नाही. नाहीतर माणूस आपल्याला हवं तेच शोधतो. मग एक दिवस सगळ्यांनी मिळून स्टिकर काढायचं. त्यानंतरही जाहीर होईपर्यंत कोणी बाहेर बोलायचं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, जुन्या मॅडमना तर नाहीच नाही.

थंडी सरता सरता प्रणिता घरी आली, भावाच्या लग्नाची पत्रिका द्यायला. दुसऱ्या मोजणीचं स्टिकर निघालं होतं हे मला ऐकून माहीत होतं. निकाल अजून जाहीर व्हायचा होता. म्हणजे माझ्या सोफ्यावर बसून पोहे खाणाऱ्या या मुलीला माहीत होतं, माझं गणित जगलं की मेलं.

मी काही विचारलं नाही. शपथेवर सांगते, एक शब्द विचारला नाही. पण बघणं कसं थांबवायचं? पोहे नीट खातेय का, चमचा थांबतोय का, माझ्याशी बोलताना नजर कुठे जातेय. वर्गात जी भुवई वाचत होते तीच पुन्हा वाचायला लागले. ती बिचारी जपून बोलत होती. लग्नाला कोण येणार, केळीला यंदा कसा भाव नाही, भाऊ किती आळशी आहे. तिच्या चेहऱ्यावर एक ओझं होतं. मी मनात म्हटलं, संपलं. स्थिर निघाली. तिला माझी कीव येतेय.

निघताना ती गॅलरीत आली. तिथे माझा फळा आहे, कॉलेजने मोडीत काढलेला मी उचलून आणला. त्यावर माझं ते दोन ओळींचं गणित होतं. त्याच्याकडे बघत ती उभी राहिली आणि अगदी सहज म्हणाली, "मॅडम, आपलं ते देवाणघेवाणीचं गणित तुमी खरंच टाकून दिलंत?"

आणि आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. मला माणसाचा चेहरा असा पांढरा पडलेला त्याआधी पाहिल्याचं आठवत नाही. तिने पर्स उचलली, सुधाकरच्या पाया पडली, माझ्या पडायची विसरली आणि जिना उतरून गेली.

समजायला मला जिना संपेपर्यंतचाही वेळ लागला नाही. ऊर्जा स्थिर निघाली असती, तर त्या गणिताची आठवण व्हायचं कारण नव्हतं. माझ्यासारखी बदलत असती, तरी नव्हतं. ते एकाच कामाचं होतं. ऊर्जा भुताच्या बाजूने आल्यासारखी दिसली तर. म्हणजे ती बदलते, हे माझं खरं. आणि जशी बदलते म्हणून मी आयुष्यभर सांगितलं, तशी बदलत नाही. एकाच वाक्यात तिने मला जिंकवलं आणि हरवलं, आणि तिला दोन्ही करायचं नव्हतं. तिला फक्त माझ्याबद्दल वाईट वाटत होतं.

त्याच दुपारी मी बसले. जुनं गणित मला पाठ होतं, स्वतःचं टाकलेलं पोर माणूस विसरत नाही. पहिल्या मोजणीचे आकडे तर सगळ्यांसाठी खुले होते. घातले. जुळलं. माझ्या देखण्या गणितापेक्षा ते ओबडधोबड चांगलं जुळलं. मी उठून पाणी प्यायले, परत बसले, परत तपासलं. आनंद झाला की काय झालं ते सांगता येत नाही.

आमच्यात छापून येण्याआधी पेपर एका खुल्या संकेतस्थळावर टाकायची रीत आहे. ज्याचा आधी, त्याचा मान. निकाल जाहीर व्हायच्या आधी मी टाकला, तर लोक म्हणतील, बघा, पालघरच्या कॉलेजातल्या बाईने आधीच सांगितलं होतं. जाहीर झाल्यावर टाकला, तर ढिगाऱ्यातला एक. पुढचे काही दिवस मी पेपर लिहीत होते. चांगला लिहीत होते, तेही सांगते.

सुधाकर म्हणाला, "अगं, मग टाक की. गणित तुझंच आहे. पोरीने तुला आकडा कुठे सांगितलाय?"

"सांगितलाच की. वेगळा कसा सांगतात?"

"ते कोणाला कळणार?"

"ती माझी विद्यार्थिनी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. तिच्या प्रबंधात माझे आभार आहेत."

"तुझं आयुष्य गेलं यात," तो म्हणाला. पंख्याचा विनोद करणारा माणूस हे म्हणाला, आणि मला रडू आलं.

मग शेवटी पहिलं पान राहिलं. लेखकांची नावं. मी माझं टाइप केलं आणि पुढे बोटं थांबली. प्रणिताचं नाव घातलं, तर तिच्या संघातले लोक विचारणार, निकाल गुप्त असताना तुझा असा पेपर कसा? तिची नोकरी जाईल, नाव जाईल. तिचं नाव गाळलं, तर पेपर बिनधोक टाकता येतो. पण अर्धं गणित तिचं होतं. मी ते ओबडधोबड म्हणून फेकलं, चुकलेलं नाय ना, असं विचारलं ते तिने. तिचं नाव गाळल्याशिवाय मला पहिली येता येत नव्हतं. त्या पानाकडे बघून मला माझीच किळस आली. मी कॉम्प्युटर बंद केला.

लग्नाला माकुणसारला गेलो. मांडवात ती मला टाळत होती. जेवणं झाल्यावर वाडीच्या कडेला मी हात धूत होते, तिथे आली. साडीत, केसांत गजरा, आणि डोळे सुजलेले.

"मॅडम, मी त्या दिवशी काय बोलून गेले..."

"काय बोललीस?"

"ते देवाणघेवाणीचं." मग एकदम हळू आवाजात, "तुमी टाका त्यावर पेपर. मी सांगेन, मी बोलले म्हनून. माजं मी बघून घेईन. तुमी लय वर्षं वाट बघितलीय."

ही पोरगी खरंच सगळं द्यायला निघाली होती.

"कुठला पेपर?" मी म्हटलं. "अगं, ते गणित मला आता आठवतही नाही. पहिल्याच ओळीपाशी अडकले. म्हातारी झाले मी. चल, नवरीला भेटव."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी चेहरा हलू दिला नाही. पस्तीस वर्षं तोंडी परीक्षा घेतल्याचा एवढा फायदा होतो. तिचे खांदे खाली आले, हसली, आणि मला ओढत मांडवात घेऊन गेली.

पुढे निकाल जाहीर झाला. जगभर बातम्या आल्या, कृष्ण ऊर्जा बदलत असावी, कमजोर होत असावी. असावी, हे विसरू नका. अजून पक्कं नाही, पुढच्या मोजणीत हे सगळं विरूनही जाईल, आणि तसं झालं तर मी आणखी कोणाशी भांडायचं? पण आकडे उंबरठ्याच्या पलीकडूनच आल्यासारखे दिसत होते. पाठोपाठ पेपरांचा पूर आला. देवाणघेवाणीचं गणित बऱ्याच जणांनी मांडलं. एकाचं तर चिन्हांसकट आमच्यासारखंच होतं. त्यांनी ते प्रामाणिकपणे केलेलं होतं, माझी त्यांच्यावर काही तक्रार नाही. त्या दिवशी दुपारी मात्र मी जेवले नाही.

परवा बाजारात टेम्पो थांबला. "बाई, सापडलं का?"

"थोडं सापडलंय, गजाभाऊ. कमी होत असावी."

"तुमी सांगत होता तशी?"

"नाही. माझं चुकलं बहुतेक."

"मंग आता काय करनार?"

"पुढच्या मोजणीची वाट बघणार."

त्यांनी मान हलवली आणि गिअर टाकला. मी पिशव्या घेऊन घरी आले आणि पुन्हा गॅलरीत फिरायला लागले.

हा लेख मी मराठीत लिहिते आहे, त्याचं एक कारण उघड आहे, मला मराठीत बरं लिहिता येतं. दुसरं असं की त्या संघात मराठी वाचणारं माणूस बहुधा एकच आहे. ती हा अंक दरवर्षी माकुणसारला मागवते.

तेव्हा, प्रणिता, ऐक. मी त्या दिवशी वाडीत खोटं बोलले. गणित मला आठवत होतं. तू जिना उतरून गेलीस त्याच दुपारी मी ते केलं, आणि जुळलं गं. चुकलेलं नव्हतं. तू तेव्हाच म्हणाली होतीस.

पेपर अजून पाठवलेला नाही. आता त्याची घाई कोणालाच नाही. दिवाळीत आलीस की पहिलं पान बघ. लेखकांच्या जागी दोन नावं आहेत, तुझं आधी.